जुनी मशीद, शनवार तेली आणि एलियाहूच्या टापा

मध्य रेल्वेने सीएसएमटीहून निघालं की पहिलंच स्टेशन लागतं ते मशीद. ‘मशीद बंदर’ म्हणून ते सगळ्यांच्या तोंडी आहे. ही मशीद कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण आसपासच्या एखाद्या मिनाराकडे बोट दाखवतील. मुंबईतला ज्यू वारसा दाखवणारे वाटाडे मात्र पाहुण्यांना स्टेशनाच्या पश्चिमेला, मांडवीच्या हातगाड्यांतून वाट काढत सॅम्युएल स्ट्रीटवर नेतात आणि एका सिनॅगॉगसमोर उभं करतात. तिचं हिब्रू नाव शाआर हाराहामीम. बेने इस्रायलांच्या बोलण्यात मात्र ती ‘जुनी मशीद’. सिनॅगॉगला मशीद म्हणणाऱ्या या मराठी ज्यूंच्या शब्दावरूनच स्टेशनाला नाव पडलं, असं त्यांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा नोंदलेलं आहे.

अशा सफरी आता जगभर निघतात. व्हेनिस, प्राग, टोलेडो, फेझ, कोची. सगळीकडे पाहुण्यांना जुनी ज्यू वस्ती दाखवतात, सिनॅगॉग दाखवतात, दफनभूमी दाखवतात. प्रागला दगड बोलतात, व्हेनिसला भिंती बोलतात. आपल्या कोकणात आणि मुंबईत इमारती थोड्या आणि बेताच्या आहेत. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल इथली सिनॅगॉगं तास-अर्ध्या तासात बघून होतात. इथलं खरं धन शब्दांत साठलेलं आहे, आणि ते शब्द मराठी आहेत. वाटाड्याचा भर मात्र हिब्रूवर आणि सालांवर असतो. मराठी शब्द ओझरते येतात आणि निघून जातात. म्हणून आज त्यांच्यापाशी थोडं थांबायचं आहे.

सुरुवात ‘वारसा’ या शब्दापासूनच करू. आपण तो अरबीकडून घेतला. मरणाऱ्याचं जे मागे उरतं ते ज्याच्याकडे येतं तो वारस, आणि जे येतं तो वारसा. अरबी आणि हिब्रू या सख्ख्या बहिणी. अरबीत शब्दाच्या आरंभी जिथे ‘व’ असतो तिथे हिब्रूत बऱ्याचदा ‘य’ येतो, त्यामुळे अरबीतला व-र-स हा धातू हिब्रूत य-र-श होऊन बसला. त्याच धातूपासून हिब्रूत ‘मोरेशेत’ हा शब्द झाला, आणि आजच्या इस्रायलमध्ये सांस्कृतिक ठेव्याला तोच शब्द वापरतात. म्हणजे डिमोनाहून कोकण बघायला आलेली नात ‘मोरेशेत’ म्हणते आणि तिला रेवदंड्याच्या रस्त्यावर भेटलेली आजी ‘वारसा’ म्हणते, तेव्हा दोघी एकाच मुळाचा शब्द बोलत असतात.

आता ‘मशीद’. अरबीत स-ज-द म्हणजे जमिनीला कपाळ टेकणं. ‘सिजदा’ त्यातलाच. जिथे सिजदा करायचा ती जागा मस्जिद, आणि मराठी जिभेवर तिची मशीद झाली. बेने इस्रायल कोकणात शतकानुशतकं राहिले. निजामशाही, आदिलशाही, जंजिऱ्याचा सिद्दी अशा राजवटी त्यांनी पाहिल्या. शेजारी मुसलमान होते आणि एकाच देवाला मूर्तीवाचून भजणारं दुसरं कोणी आसपास नव्हतं. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ उभं राहिलं, तेव्हा मराठीत त्याला द्यायला हाताशी आलेला शब्द होता मशीद. पुढे १८४० मध्ये डोंगरीकडे शाआरे रासोन उभं राहिलं, ती झाली ‘नवी मशीद’. आणि पहिली आपोआप ‘जुनी मशीद’.

वाटाडे साधारण एवढंच सांगतात, की मुसलमान शेजाऱ्यांचा शब्द ज्यूंनी उसना घेतला. कोकणापुरतं ते बरोबर आहे. पण शब्दाचं वय पाहायला गेलं तर गोष्ट फार मागे जाते. इजिप्तमध्ये अस्वानजवळ नाईल नदीत एलिफंटाइन नावाचं बेट आहे. (आपल्या एलिफंटाशी त्याचा काही संबंध नाही.) इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथे इराणी साम्राज्याच्या नोकरीतल्या ज्यू शिपायांची वसाहत होती. ते अरामी भाषेत लिहीत, आणि त्यांचे पपायरसवरचे करार, पत्रं, शपथा आज उपलब्ध आहेत. त्यांतल्या एका शपथेत म-स-ग-द हा शब्द आहे. अर्थ, भजनपूजनाचं स्थान. इस्लामच्या उदयाआधी हजारभर वर्षं हा शब्द एका ज्यू वसाहतीच्या कागदावर लिहिला गेला होता! मांडवीच्या बेने इस्रायलाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो शेजाऱ्याचा शब्द म्हणूनच वापरत होता. तरी ‘ज्यूंनी मुसलमानांचा शब्द घेतला’ एवढ्यावर गोष्ट मिटवणं मला पटत नाही. सेमिटिक भाषांच्या घरात हा शब्द कोणा एकाच्या मालकीचा कधीच नव्हता.

केरळातही असंच झालेलं दिसतं. तिथे ‘पळ्ळी’ हा शब्द मशिदीलाही चालतो, चर्चलाही आणि सिनॅगॉगलाही. कोचीच्या मट्टांचेरीत १५६८ मध्ये बांधलेलं परदेशी सिनॅगॉग आहे. सफरीतलं ते हुकमी ठिकाण. जमिनीवर निळ्या नक्षीच्या चिनी फरशा, डोक्यावर काचेची झुंबरं. त्याच्या नावातला ‘परदेशी’ हा आपलाच परदेशी आहे, कारण ते बांधणारे लोक बाहेरून आलेले होते. हिंदुस्थानातलं सगळ्यात प्रसिद्ध सिनॅगॉग ‘परदेशी’ म्हणून ओळखलं जातं आणि मुंबईतलं पहिलं ‘जुनी मशीद’ म्हणून. दोन्ही नावं हिब्रूबाहेरची, आणि दोन्ही लोकांच्या तोंडून आलेली.

पुण्यात तिसरी तऱ्हा. कॅम्पातलं डेव्हिड ससूनचं ओहेल डेव्हिड १८६७ मध्ये झालं. बगदादी ज्यूंचं हे सिनॅगॉग, लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. पुणेकरांनी त्याला ‘लाल देऊळ’ म्हटलं. ओहेल डेव्हिड म्हणजे दावीदाचा तंबू. रानात, वाळवंटात हिंडणाऱ्यांच्या तंबूचं नाव हिब्रूत राहिलं आणि पुण्यात त्याचं देऊळ झालं. मशीद म्हणा, देऊळ म्हणा, दोन्हींत समजूत एकच होती, की इथे देवाचं काहीतरी चालतं आणि या शब्दाने ते आपल्याला कळतं.

शाआर हाराहामीम या नावाचा अर्थ दयेचं द्वार. शाआर म्हणजे दार. राहामीम हा आपल्या ओळखीच्या ‘रहम’चा सख्खा. ‘रहम करा’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे हिब्रू नाव अर्धं तरी आपोआप कळावं. ते बांधणारा समाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या फौजेतला अंमलदार. म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. परंपरा सांगते, की त्याने आपण ‘बेने इस्रायल’ असल्याचं सांगितलं, आणि कुराणात ज्यांचा उल्लेख आहे त्या बनी इस्राईलांपैकी हा आहे हे कळल्यावर टिपूच्या आईने त्याचे प्राण वाचवले. सुटून आल्यावर त्याने ही मशीद बांधली. तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी आणायला तो कोचीला गेला आणि १७९७ मध्ये तिथेच वारला. रस्त्याला त्याचं नाव दिलं ते इंग्रजी वळणाने, सॅम्युएल.

त्या कथेत त्याने ‘यहुदी’ न म्हणता ‘बेने इस्रायल’ म्हटलं, ही बारीकशी गोष्ट महत्त्वाची आहे. यहुदी हा शब्द यहूदा या वंशाच्या आणि प्रांताच्या नावावरून आला, अरबी-फारसीमार्गे आपल्याकडे पोचला. तोच शब्द ग्रीक, लॅटिन, फ्रेंच असा झिजत झिजत इंग्रजीत ‘ज्यू’ झाला आणि तिथून मराठीत आला. दोन्हींचं मूळ एक. पण मुसलमानी अमलात ‘यहुद’ शब्दाला तिरस्काराची किनार होती, आणि ‘बनी इस्राईल’, इस्रायलची लेकरं, याला तशी नव्हती. म्हणून समाजाने दुसरं नाव धरलं, असा खुलासा हाईम सॅम्युएल केहिमकरांनी केला आहे. केहिमकर म्हणजे या समाजाचे पहिले मोठे इतिहासकार. त्यांनी १८९७ मध्ये लिहिलेला ग्रंथ तेल अवीवमध्ये १९३७ साली छापून निघाला. तो नसता तर या लेखातले निम्मे शब्द आपल्यापर्यंत आलेच नसते.

युरोपातल्या ज्यू वस्तीचं नाव म्हटलं की पहिला आठवतो ‘घेट्टो’. मराठी वर्तमानपत्रांत तो आता सर्रास येतो, ‘घेट्टोकरण’ असा भाववाचकही झाला आहे. हा शब्द एका ठिकाणी आणि एका दिवशी वापरात आला असं जवळजवळ म्हणता येतं. २९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या सिनेटने हुकूम काढला, की शहरातल्या सगळ्या ज्यूंनी कानारेज्यो भागातल्या एका बेटावर राहावं. त्या बेटाजवळ पूर्वी तांब्याचा ओतकाम कारखाना होता. ओतणं या अर्थाच्या क्रियापदावरून व्हेनिसच्या बोलीत त्या जागेला ‘जेतो’ म्हणत. त्याचा ‘गेत्तो’ झाला तो तिथे आलेल्या जर्मन ज्यूंच्या जिभेमुळे, अशी सर्वाधिक मान्य उपपत्ती आहे. रात्री दरवाजे बंद, बाहेर ख्रिस्ती पहारेकरी, आणि त्यांचा पगार आतल्या ज्यूंकडून वसूल. जागा वाढेना म्हणून घरं वर वर चढली, सात-सात मजल्यांची, बुटक्या छतांची. आजही त्या चौकात उभं राहून खिडक्यांच्या रांगा मोजल्या की मजले किती दाटीने घातलेत ते कळतं. वाटाडे पाहुण्यांना एक कोडं घालतात. ‘गेत्तो नुओवो’, नवा घेट्टो, आधी वसला. ‘गेत्तो वेक्यो’, जुना घेट्टो, १५४१ मध्ये जोडला. असं कसं? कारण नवं-जुनं हे ओतशाळेचं वय, वस्तीचं नव्हे. नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये दरवाजे उखडले, तोवर शब्द जगभर जायला निघालेला होता. मूळचं ओतकाम त्यातून पार गळून पडलं आणि कोंडलेपण तेवढं राहिलं.

मोरोक्कोतल्या फेझमध्ये १४३८ मध्ये ज्यूंना राजवाड्याशेजारच्या एका भागात हलवलं. त्या जागेचं नाव आधीपासून ‘मल्लाह’ होतं, मिठाची जागा. पुढे मराकेश, मेकनेस, जिथे जिथे तशी वस्ती झाली तिथे तिथे मिठाचा मागमूस नसतानाही ‘मल्लाह’ हेच नाव गेलं. ज्यूंना मारलेल्यांची मुंडकी मीठ लावून टिकवायचं काम देत, म्हणून हे नाव, अशी भयानक गोष्ट नंतर जोडली गेली आणि काही वाटाडे ती अजून सांगतात. नावाच्या इतिहासात तिला आधार नाही. पेण-उरणच्या मिठागरांशेजारी राहणाऱ्यांना तरी मिठाच्या जागेवरून गावाला नाव पडण्यात नवल वाटू नये. स्पेनचा ‘हुदेरिया’ आणि फ्रँकफुर्टची ‘युडेनगासे’ हे सरळ शब्द आहेत, ज्यूंचा भाग आणि ज्यूंची गल्ली. प्रागचा ‘योसेफोव्ह’ सम्राट दुसऱ्या योसेफच्या नावाने, कारण त्याने निर्बंध सैल केले.

आणि आपल्याकडे? अलिबागेत ‘इस्रायल आळी’. मुंबईत मांडवीला ‘इस्रायल मोहल्ला’. आळी हा संस्कृत ‘आलि’ म्हणजे ओळ, रांग, त्यातून आलेला. घरांची ओळ ती आळी. कासार आळी, तेली आळी, ब्राह्मण आळी, सुतार आळी, तशी इस्रायल आळी. तिला वेगळा दरवाजा नाही, वेगळा पहारेकरी नाही, वेगळा शब्दही नाही. मोहल्ला अरबी. त्याच्या धातूचा अर्थ गाठ सोडणं. प्रवासी उंटावरचं ओझं सोडून जिथे उतरतो, मुक्काम करतो ती जागा महल्ला. हलाल हाही त्याच धातूचा, म्हणजे जे बांधलेलं नाही, मोकळं आहे ते. समुद्रातून आलेल्या, म्हणजे तसं स्वतःविषयी मानणाऱ्या, माणसांच्या वस्तीला हे नाव शोभतं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ‘हिंदुस्थानात ज्यूंना घेट्टो नव्हता’ हे वाक्य प्रत्येक सफरीत येतं, आणि ते खरं आहे. इथे त्यांना राजाज्ञेने कोंडलं नाही. पण आळ्या जातीने वसत होत्या. आळीचं नाव घेतलं की पाणी कोण कुणाच्या हातचं पितं तेही ठरून जात होतं. बेने इस्रायलांनाही गावाने जात म्हणूनच ओळखलं, आणि ती जात वरची नव्हती. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशी फळी होती, बेटीव्यवहार नव्हता. आळीला दार नव्हतं, पण रेषा होती.

ती जात म्हणजे ‘शनवार तेली’. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये हे नाव आहे, आणि कोकणातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून आहे. बेने इस्रायलांची परंपरा अशी, की त्यांचे पूर्वज येत असलेलं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना किनाऱ्यावर पुरलं. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांनी गावोगाव तेलाचा धंदा धरला. घाणा चालवायचा, तेल विकायचं, आणि शनिवारी घाणा बंद. गावाला त्यांचा देव ठाऊक नव्हता, पोथी दिसत नव्हती. दिसत होता तो न फिरणारा घाणा. त्यावरून नाव पडलं. दुसरे तेली सोमवारी बैल सोडत, महादेवाचा वार म्हणून. ते ‘सोमवार तेली’. म्हणजे गावाच्या हिशेबात ही दोन धर्मांची माणसं नव्हती, दोन सुट्ट्यांची होती.

या जोडशब्दाचे दोन्ही तुकडे उघडून बघावेत असे आहेत. तेल हा तिळातून निघालेला शब्द. तिळाचं ते तैल. पुढे खोबऱ्याचं, करंजाचं, भुईमुगाचंही तेलच झालं आणि तीळ शब्दात अदृश्य झाला. शनिवार हा शनी या ग्रहाचा वार, ग्रहावरून दिवस. हिब्रूत उलटं आहे. दिवस आधी, शब्बाथ, थांबण्याचा, विसाव्याचा. आणि शनी ग्रहाचं हिब्रू नाव ‘शब्बताई’, म्हणजे दिवसावरून ग्रह. बाकी गावासाठी शनिवार म्हणजे मारुतीला आणि शनीला तेल वाहायचा वार. ज्या दिवशी देवळात तेलाची धार लागते, त्याच दिवशी गावातला एक तेली हात धुऊन घरात बसतो! गावाने ही विसंगती खपवून घेतली, एवढंच नव्हे, तीच त्याची ओळख केली. शब्बाथ शब्द समाज विसरला असेल-नसेल, ‘शनवार’ने तो सांभाळला.

पोथ्या नसताना सण कसे टिकले, याचं उत्तरही शब्दांतच आहे. केहिमकरांनी समाजातली जुनी सणनावं लिहून ठेवली. ती वाचताना मराठी माणसाला हिब्रू पंचांगाची गरजच लागत नाही. वर्षारंभी ‘नव्याचा सण’. मग ‘खिरीचा सण’, नव्या तांदळाच्या खिरीचा. पुरीम या ज्यू सणाच्या वेळी ‘होळीचा सण’, कारण दोन्ही एकाच सुमारास येतात. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस हिब्रूत आव महिन्याची नववी. कोकणात तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी केळीच्या पानावर बिरडं खायचं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेलं बिरडं. सोलायला लागणारा वेळ ज्याने घरात पाहिलाय त्याला त्या दिवसाचा सबुरीचा सूर लगेच कळेल.

सगळ्यात मोलाचं नाव ‘दरफाळणीचा सण’. हा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी दारं लावून घरात राहायचं, पांढरं नेसायचं, उपास करायचा, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, शिवायचं नाही. म्हणून दार लावण्याचा सण. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. तो ‘शिळा सण’. शिळासप्तमी पाळणाऱ्यांना ‘शिळा’ काय ते सांगावं लागत नाही. आणि वल्हांडणाचं, म्हणजे पासओव्हरचं, नाव ‘अनाशी ढाकायचा सण’. एरवीच्या ज्यू जगात या आठवड्यात आंबवलेलं काही खात नाहीत, बिनखमिराची भाकरी खातात. भाकरीचा नियम इथे विस्मरणात गेला होता, पण घरातल्या आंबट रश्श्याचं भांडं झाकून ठेवून आठ दिवस त्याला हात न लावण्याची रीत उरली होती. नियम पुसला गेला आणि झाकण राहिलं. पुढे कोचीच्या रहाबी घराण्यातल्या आणि इतर शिक्षकांनी हिब्रू रीती पुन्हा शिकवल्या, तेव्हा ही मराठी नावं मागे पडत गेली. त्याबरोबर ‘रोजा’, ‘रमजान’ हेही शब्द गेले. हो, एलूल महिन्याच्या उपासांना बेने इस्रायल रमजान म्हणत. आणि धर्मकार्य सांगणाऱ्याला काजी.

हिब्रू आली तीही मराठीचा हात धरून आली. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची हग्गादा निघाली, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. हग्गादा म्हणजे सांगणं, कथन. तिच्यात एक चित्र आहे. बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत, अंगावर लुगडी, केसांचे अंबाडे. मिसर देशातून सुटल्याची कथा आहे आणि लाटणाऱ्या बायका पुण्याच्या आहेत. पुढे १८८० च्या सुमारास समाजाने कीर्तनंही सुरू केली. पूर्वरंग, उत्तररंग, झांजा, आणि आख्यान अब्राहामाचं किंवा मोशेचं.

आता खंडाळ्याला जाऊ. घाटावरचं नव्हे, अलिबागजवळचं खंडाळे. तिथे काळ्या कातळावर काही खुणा आहेत. चाकांच्या म्हणा, खुरांच्या म्हणा. बेने इस्रायल मानतात, की संदेष्टा एलिया अग्निरथातून इथे आला आणि इथूनच वर गेला. जागेचं नाव ‘एलियाहू हनबीचा टापा’. हा शब्द कोणत्याही हिब्रू ग्रंथात सापडणार नाही, तो मराठी मातीतूनच आला आहे. घोड्याच्या खुराचा जमिनीवरचा ठसा ती टाप. खंडोबाच्या घोड्याच्या टापा दाखवणारे कातळ महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. देव आला तर घोड्यावरून येतो आणि दगडावर टाप उमटवून जातो, ही इथली रीत. एलियाही तिला अपवाद राहिला नाही. ‘हनबी’तला ‘ह’ हिब्रूत नेमकेपणा दाखवणारा, आणि नबी तोच, अरबीतला. माघाच्या आसपास येणाऱ्या झाडांच्या नववर्षाला इथे त्याचा ‘उरूस’ होत असे, असंही केहिमकरांच्या नोंदीत आहे. हिब्रू संदेष्टा, अरबी उरूस, मराठी टापा.

तिथे जाऊन करायचा तो मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, वर सुकामेवा. ताटात ढीग करायचा, भोवती फळं मांडायची, एलियाहूचं नाव घेत आशीर्वाद म्हणायचे आणि मग सगळ्यांना वाटायचं. नवस फिटला, दुखण्यातून उठलं, लग्न ठरलं, घर झालं की मलिदा. शब्द फारसी. ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, मळणं, आणि मालीशही त्यातलंच. हाताने कुस्करून, चोळून केलेला तो मलिदा. दर्ग्यावरही मलिदा चढतो. बाकीच्या मराठीत मात्र हा शब्द बिघडला. ‘मलिदा लाटला’ म्हटलं की टेबलाखालचा पैसा डोळ्यांपुढे येतो. प्रसादाचा अर्थ ज्यांनी शुद्ध ठेवला त्यांत बेने इस्रायल आहेत, आणि इस्रायलमध्ये गेल्यावरही त्यांनी हा विधी आणि हे नाव दोन्ही सोडलेलं नाही.

शेवटी नावं. अब्राहामचा आबाजी, मोशेचा मुसाजी, इसहाकचा इसाजी, शमुवेलचा समाजी, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आडनावं गावांची. किहीमचे केहिमकर, दिवेआगरचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, वाकरूळचे वाकरूळकर, अष्टमीचे अष्टमकर, रोह्याचे रोहेकर. हिंदी चित्रपटात ‘डेव्हिड’ म्हणून गाजलेले चरित्र अभिनेते म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईत इंग्रजी शिक्षण आल्यावर अनेकांनी ‘कर’ सोडून वडिलांचं नाव आडनाव म्हणून लावलं. १९४८ नंतर बहुतेक समाज इस्रायलला गेला आणि तिथे आणखी काहींचं ‘कर’ सुटलं. त्यामुळे आता नातवंडं पूर्वजांचा गाव शोधत येतात तेव्हा काहींच्या हातात आडनावातच नकाशा असतो, वाकरूळकराने वाकरूळला जायचं. ज्यांच्याकडे नुसतं सॅम्युएल किंवा बेंजामिन उरलंय, त्यांना जावं लागतं दफनभूमीत.

कोकणातल्या त्या थडग्यांवर हिब्रू असतं, काहींवर इंग्रजी, आणि बऱ्याच दगडांवर देवनागरीत मराठी. वाटाडा सहसा हिब्रू ओळ समजावून सांगतो. पाहुण्याला ती येतच असते. येत नसते ती खालची मराठी ओळ. आजीला कळणारी, आईला ऐकून माहीत असलेली, नातीला वाचता न येणारी. गावाचं नाव, घराण्याचं ‘कर’ त्या ओळीत सापडण्याचा संभव सगळ्यात जास्त. अलिबाग-रेवदंड्याच्या सफरी आखणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की ती ओळ मोठ्याने वाचून दाखवणारा कुणीतरी मराठी माणूस बरोबर असू द्या. तिथल्या कुठल्याही शाळेतलं चौथीचं पोर ते काम करू शकेल.